ज्या डोक्यानं हिशेब ठेवायचा

साखर नसलेल्या कोल्ड्रिंकच्या डब्यावर बारीक अक्षरात एक इशारा असतो. यात अ‍ॅस्पार्टेम आहे, फेनिलकीटोनुरिया असलेल्यांनी घेऊ नये. मधुमेहाच्या गोड गोळ्यांच्या डबीवर तोच इशारा, शुगर-फ्री च्युइंगमच्या पाकिटावरही तोच. ज्या आजाराचं नाव एका दमात म्हणता येत नाही त्याची एवढी छापील प्रसिद्धी दुसऱ्या कुठल्या दुर्मीळ रोगाच्या वाट्याला आलेली नाही. आणि तरी आपल्याकडे हा आजार असलेल्या माणसाच्या हातात तो डबा पडला, तर आपल्यालाच उद्देशून हे लिहिलंय याची त्याला गंधवार्ता नसण्याचीच शक्यता जास्त. कारण आपल्याकडे जन्मलेल्या प्रत्येक बाळाची ही तपासणी होत नाही.

आजार समजायला अवघड नाही. डाळ, दूध, अंडं, गहू, मटण, कशातही प्रथिनं असली की त्यात फेनिलॲलनिन नावाचं अमिनो आम्ल असतंच. यकृतातलं एक विकर त्याचं टायरोसिन करतं. ते विकर घडवणारा जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून त्याची बिघडलेली प्रत आली की विकर चालत नाही, फेनिलॲलनिन रक्तात साचत जातं आणि वाढत्या मेंदूची नासाडी करतं. आईबाप दोघंही ठणठणीत असतात. दोघं वाहक असतील तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता. युरोपात साधारण दहा हजार जन्मांमागे एक मूल असं निघतं. डॉक्टरमंडळी याला पीकेयू म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पीकेयूबद्दल लिहिलं जातं ते बहुधा बाळांबद्दल: टाचेतून रक्ताचा थेंब घेतला, निदान झालं, आहार बदलला, मूल वाचलं. गोष्ट इथंच संपते. पण मूल वाचलं की ते मोठं होतं. शिकतं, नोकरीला लागतं, कुणी लग्न करतं, कुणी ट्रक चालवतं, कुणी हिशेबनीस होतं. अशा वाचलेल्यांची पहिली फळी पाश्चात्त्य देशांत आता साठीला पोचली आहे आणि तिच्यातल्या अनेकांची तक्रार एकच आहे. लक्ष लागत नाही. वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं, बैठकीत समोरचा काय म्हणाला ते निसटतं, हातातलं काम अर्ध्यावर ठेवून दुसरं सुरू होतं, डोक्यात धुकं असल्यासारखं वाटतं. बुद्ध्यंक काढला तर चांगला येतो. त्यामुळे या तक्रारीवर कुणी फारसं थांबत नाही.

ही तक्रार एवढी उशिरा ऐकू का आली, ते या आजाराच्या इतिहासात आहे.

ऑस्लोमध्ये १९३४ साली बोर्ग्नी एगेलंड नावाची बाई आपल्या दोन मुलांना घेऊन आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरकडे आली. मुलगी सहा वर्षांची, चाल अडखळती, शब्द मोजके. मुलगा चार वर्षांचा, त्याला चालताही येत नव्हतं आणि बोलताही. याआधी बऱ्याच डॉक्टरांचे उंबरे झिजवून झाले होते. मुलांच्या अंगाला एक चमत्कारिक वास येतो, हे ती प्रत्येकाला सांगत होती आणि प्रत्येकजण ते सोडून देत होता. फॉलिंग डॉक्टर तर होताच, शिवाय रसायनशास्त्रज्ञही होता. त्यानं मुलांची लघवी घेऊन त्यात फेरिक क्लोराइड टाकलं. नेहमीच्या लघवीत ते तपकिरी राहतं, मधुमेह्याची असेल तर लालसर जांभळट झाक येते. इथं गडद हिरवा रंग आला आणि थोड्या वेळात विरून गेला. असा रंग त्यानं कधी पाहिला नव्हता. सगळी औषधं बंद करून पुन्हा लघवी आणा, असं त्यानं बाईला सांगितलं. रंग पुन्हा हिरवाच. मग लिटरच्या लिटर लघवीतून त्यानं तो पदार्थ वेगळा काढला. ते फेनिलपायरुविक आम्ल निघालं. नंतर संस्थांमधल्या ४३० मतिमंद रुग्णांची तपासणी केली, तेव्हा आठांमध्ये तेच सापडलं. शेकडो वर्षं ज्याला नशीब किंवा घराण्याचा दोष म्हटलं जात होतं, त्यातल्या एका भागाला रासायनिक नाव मिळालं. मला यात फॉलिंगइतकंच श्रेय त्या बाईला द्यावंसं वाटतं. वासाची गोष्ट तिनं सोडली नाही.

उपाय निघायला पुढं जवळपास वीस वर्षं गेली. बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात हॉर्स्ट बिकेल काम करत होता. शीला जोन्स या चिमुरडीला पीकेयू असल्याचं त्यानं सांगितलं, तेव्हा तिच्या आईला निदानात रस नव्हता. करणार काय ते सांगा, म्हणून ती सकाळी सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहायची. बिकेल आणि त्याचे सहकारी एव्हलिन हिकमन्स व जॉन जेरार्ड यांनी दुधातलं प्रथिन तोडून ते कोळशातून गाळलं आणि फेनिलॲलनिन काढलेलं मिश्रण हातानं तयार केलं. काही महिन्यांत शीला रांगायला लागली, उभं राहू लागली, डोकं आपटणं आणि सततचं रडणं थांबलं, केस काळसर होऊ लागले. हे खरंच आहाराचं काम आहे का, हे ताडण्यासाठी डॉक्टरांनी आईला न सांगता आहारात पुन्हा फेनिलॲलनिन मिसळलं. मूल दिवसांत मागं गेलं. आज कुठलीही नीतिसमिती याला परवानगी देणार नाही. पण त्या पुराव्यावर १९५३ सालचा निबंध उभा आहे, आणि त्या निबंधावर पुढची सगळी उपचारपद्धती.

तिसरा माणूस अमेरिकेतल्या बफेलोचा रॉबर्ट गथ्री. त्याचा मुलगा मतिमंद होता आणि भाचीला पीकेयू. टिपकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या एका ठिपक्यातून, जिवाणूंच्या वाढीवरून, फेनिलॲलनिन मोजण्याची स्वस्त पद्धत त्यानं बसवली. १९६३मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ही तपासणी कायद्यानं सुरू झाली आणि नंतर जगभर पसरली. बिकेल आणि गथ्री या दोघांचीही जन्मतारीख २८ जून, म्हणून तोच दिवस जगात पीकेयू दिन म्हणून पाळतात.

तर मुलं वाचली. मग एक घोटाळा झाला. मेंदूची बहुतेक वाढ सहाव्या वर्षापर्यंत होते, तेव्हा पुढं एवढं कडक पथ्य कशाला, असं त्या काळी मानलं गेलं. आईबापांनाही हे हवंच होतं. हजारो मुलांचं पथ्य शाळेत जायच्या वयात सुटलं. त्या मुलांचे गुण हळूहळू घसरू लागले, चिडचिड वाढली, मोठेपणी काहींना चिंता आणि नैराश्यानं घेरलं. २०००मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं भरवलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीनं, पथ्य जन्मभर, असं लेखी सांगितलं, तोवर एक पिढी पथ्याबाहेर वाढून तिशीत आली होती.

पण ज्यांनी पथ्य सोडलं नाही, त्यांचं काय? इथं एडेल डायमंड या संशोधिकेचं काम महत्त्वाचं ठरतं. तिची एक चाचणी अगदी साधी आहे. बाळासमोर दोन खळगे. एका खळग्यात खेळणं ठेवायचं, झाकायचं, काही क्षण थांबायचं, बाळाला ते शोधू द्यायचं. दोनतीनदा तिथंच ठेवायचं. मग बाळाच्या डोळ्यांदेखत ते दुसऱ्या खळग्यात ठेवायचं. बाळ पाहतं आणि तरी हात पहिल्याच खळग्याकडे जातो. आत्ता काय पाहिलं ते धरून ठेवणं आणि सवयीच्या हाताला आवरणं, ही दोन्ही कामं एकदम करावी लागतात. कपाळामागचा मेंदूचा भाग पिकत जातो तसं ते जमायला लागतं. पीकेयूची जी मुलं वेळेवर पथ्यावर आली होती, ज्यांचा बुद्ध्यंक चांगला होता आणि ज्यांचं रक्तातलं प्रमाण त्या वेळच्या नियमानुसार 'ठीक' होतं, ती मुलं अशा चाचण्यांत आपल्याच भावंडांच्या मागं पडली. बाकी चाचण्यांत ती पडली नाहीत. १९९७ साली हे सगळं प्रसिद्ध झालं.

कारण असं. फेनिलॲलनिन आणि टायरोसिन रक्तातून मेंदूत जातात ते एकाच वाहकामार्फत. रक्तात फेनिलॲलनिन फार झालं की वाहक त्यातच अडकतो आणि टायरोसिन कमी पोचतं. टायरोसिनपासून डोपामिन बनतं. मेंदूच्या बऱ्याच भागांना डोपामिनची थोडी तूट पेलते. कपाळामागचा भाग मात्र ते इतक्या झपाट्यानं वापरतो की त्याला लगेच कमी पडतं. लक्ष एका जागी ठेवणं, आकडा मनात धरून पुढचा करणं, मध्येच आलेला विचार बाजूला सारणं, ही कामं तिथलीच. शिवाय ट्रिप्टोफॅनही त्याच वाहकावर अवलंबून आहे, त्यामुळे सेरोटोनिनही घटतं. मज्जातंतूंच्या पांढऱ्या आवरणावर परिणाम होतो तो वेगळाच, आणि एमआरआयमध्ये तो दिसतो.

मोठ्यांमध्ये हे तत्काळ घडतं का, हे पाहण्यासाठी नेदरलँड्समध्ये नऊ प्रौढांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०११ साली छापून आले. हे सगळे लहानपणापासून पथ्यावर वाढलेले. चार आठवडे त्यांना फेनिलॲलनिन दिलं, चार आठवडे तशीच दिसणारी निष्क्रिय पूड. केव्हा काय चालू आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, तपासणाऱ्यांनाही नव्हतं. मनःस्थितीची प्रश्नावली त्यांनी स्वतः भरायची आणि प्रत्येकाच्या जवळच्या एका माणसानंही भरायची. फेनिलॲलनिनच्या आठवड्यांत सलग लक्ष ठेवण्याच्या चाचणीत ते घसरले, मनःस्थिती खालावली, आणि ते जवळच्यांनाही जाणवलं. नऊ हा आकडा लहान आहे, आणि या विषयावरच्या सगळ्या अभ्यासांचं एकमत नाही. पण एका गोष्टीनं मला थांबवलं. चांगल्या चाललेल्या माणसाला चार आठवड्यांत हे होऊ शकतं, तर ज्यांचं पथ्य वर्षानुवर्षं सैल आहे त्यांचं काय होत असेल, आणि त्यातलं किती 'स्वभावच तसा' म्हणून सोडून दिलं जात असेल.

न्यूरोफायब्रोमॅटोसिससारख्या आणखी काही जनुकीय आजारांतही लक्षाची अडचण मोठी असते. तिथं रक्तातला एक आकडा खाली आणला की लक्ष सुधारेल, असं नसतं. पीकेयूत असा आकडा आहे. आणि तो खाली आणणं हे काम रुग्णाच्याच डोक्यावर टाकलेलं आहे. आता ते काम काय आहे ते पाहा.

तीव्र पीकेयू असलेल्या प्रौढाला दिवसात नैसर्गिक प्रथिन साधारण दहा ग्रॅमच्या आत बसवावं लागतं. आपल्या घरातला दिवस त्यात बसवून बघू. सकाळचा दुधाचा चहा, दीड-दोन ग्रॅम. बशीभर पोहे, तीन ग्रॅमच्या वर; दाणे घातले तर आणखी. न्याहारीतच निम्मा दिवस संपला. जेवताना एक फुलका आणि अर्धी वाटी वरण, झालं. दही नाही, उसळ नाही, पिठलं नाही, शेंगदाण्याची चटणी नाही. "शाकाहारी आहात ना, मग काय अडचण?" हा प्रश्न आपल्याकडे नक्की येणार, आणि अडचण नेमकी डाळीतच आहे. चालतो तो साबुदाणा, कारण त्यात जवळजवळ निव्वळ पिष्ट असतं. म्हणजे रोजचीच एकादशी, आणि तीही दाण्याच्या कुटाशिवाय. तूप, तेल, साखर, बहुतेक फळं यांवर पोट भरायचं आणि उरलेली प्रथिनं भागवायला फेनिलॲलनिन काढलेली अमिनो आम्लांची पूड पाण्यात कालवून दिवसातून तीनचारदा प्यायची. तिचा वास उग्र, चव कडवट. ती पिऊन कार्यालयात बसलं की शेजारच्या टेबलावरचा माणूस नाक मुरडतो.

हे सगळं काट्यावर मोजायचं. भाताची वाटी डोळ्यानं चालत नाही. आदल्या रात्री उद्याचं ठरवायचं, डबा वेगळा करायचा, पुडीची वेळ चुकवायची नाही, लग्नात काय खायचं हे आधीच विचारून ठेवायचं, महिन्याला टिपकागदावर रक्ताचा ठिपका घेऊन पाठवायचा. नियोजन, आठवण, मोह आवरणं, मनात बेरीज ठेवणं. डायमंडच्या चाचण्यांत जे घसरतं तेच हे सगळं. पथ्य थोडं ढिलं झालं की आकडा चढतो. आकडा चढला की हिशेब ठेवणारं डोकं मंदावतं, आणि मग पथ्य आणखी ढिलं होतं. यात वेदना नाही, ताप नाही, काहीच ओरडून सांगत नाही. माणसाला वाटतं, आपण आळशी आहोत. घरच्यांनाही तसंच वाटतं. आपल्याकडच्या घरात तर 'वेंधळा' हा शिक्का आठव्या वर्षी बसतो आणि तो पुसायला कुणी रक्त तपासत नाही.

दुसरा घोळ वैद्यकीय व्यवस्थेचा. पीकेयूचे जाणकार बालरुग्णालयात असतात. मूल अठराचं झालं की त्याला मोठ्यांच्या दवाखान्यात पाठवतात आणि तिथल्या फिजिशियननं हा आजार पुस्तकात एकदा वाचलेला असतो. ज्या देशांत दर बाळाची तपासणी होते तिथंही मोठे झालेले रुग्ण मोठ्या संख्येनं या टप्प्यावर गळतात. कुणी लक्षाच्या तक्रारीसाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला, तर एडीएचडीची गोळी मिळते. ती काहींना उपयोगीही पडते, पण फेनिलॲलनिनचा आकडा कुणी विचारत नाही.

तो आकडा किती असावा यावरही वाद आहे. अमेरिकेतल्या २०१४च्या मार्गदर्शक सूचना प्रौढालाही १२० ते ३६० मायक्रोमोलची मर्यादा घालतात. युरोपातल्या २०१७च्या सूचना बारा वर्षांनंतर ६००पर्यंत चालू देतात. मधल्या पट्ट्यात प्रौढाच्या लक्षावर खरोखर किती परिणाम होतो, हा या वादाचा गाभा आहे. युरोपीय पक्षाचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे: इतकं कडक पथ्य माणसाचं जगणं खाऊन टाकतं, आणि त्याचा मनावर होणारा परिणाम कुठल्याच चाचणीत धरलेला नसतो. माझा कल तरीही माणसागणिक ठरवण्याकडे आहे. ५०० आकड्यावर एकजण दिवसभर कोडिंग करतो, दुसऱ्याला गाडी चालवताना सिग्नल निसटतो. त्या दुसऱ्याला सरासरीचा आधार देऊन काय उपयोग?

औषधं आली आहेत. सॅप्रोप्टेरिन ही गोळी अमेरिकेत २००७ साली मंजूर झाली. ज्यांचं विकर थोडं तरी जिवंत आहे त्यांनाच ती लागू पडते. २०१५ साली छापलेल्या एका चाचणीत, गोळी लागू पडलेल्या आणि आधीपासून लक्षाच्या तक्रारी असलेल्या रुग्णांत बेलक्षपणा कमी झालेला दिसला. २०१८ साली प्रौढांसाठी पेगव्हॅलिएझ हे इंजेक्शन मंजूर झालं. एका सायनोबॅक्टेरियाच्या विकरावर ते बेतलेलं आहे आणि फेनिलॲलनिनची परस्पर विल्हेवाट लावतं. काहींचा आकडा त्यानं इतका उतरतो की ते साधं जेवण जेवतात. पण ॲलर्जीचा झटका येऊ शकतो, म्हणून ॲड्रेनलिनची सुई कायम जवळ बाळगावी लागते. ती विसरायची नाही, हेही पुन्हा त्याच डोक्याला सांगायचं.

बायकांसाठी यात आणखी एक धोका आहे, आणि त्याबाबत दुमत नाही. गरोदरपणी आईचा आकडा चढलेला असेल तर बाळाला हा आजार नसला तरी त्याचं डोकं लहान राहतं, हृदयात दोष येऊ शकतो. त्यामुळे गर्भ राहण्याआधीच पथ्य कडक करावं लागतं. पथ्य सोडून दहा वर्षं झालेल्या, कुठल्याच दवाखान्यात नाव नसलेल्या मुलीला हे सांगणार कोण?

आपल्याकडे काय? गोव्यानं २००८ साली सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू केली, तेव्हा देशात त्याचं कौतुक झालं. देशभर अशी तपासणी अजून नाही. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात पीकेयूचं नाव आहे, विशेष आहारावर सांभाळता येणाऱ्या आजारांच्या गटात. मुंबईचं केईएम हे त्या धोरणातलं एक उत्कृष्टता केंद्र आहे. अशा केंद्रांतून रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. धोरणातल्या आजारांसाठी वैयक्तिक वापराला बाहेरून मागवलेल्या खास आहारावरचं मूळ सीमाशुल्क १ एप्रिल २०२३पासून माफ आहे. कागदावर हे वाईट नाही. पण ५० लाख ही मर्यादा आहे, आणि पुडी जन्मभर प्यायची असते. धोरण लिहिताना डोळ्यांसमोर मूल होतं, हे वाचताना जाणवतं. चाळिशीतला रुग्ण त्यात कुठं दिसत नाही.

तो असणार, हे मात्र नक्की. तपासणी नसलेल्या देशात पीकेयू घेऊन जन्मलेली आणि जगलेली माणसं बहुतेक करून मतिमंदांच्या संस्थांत किंवा घराच्या आतल्या खोलीत असतात. ती उजळ रंगाची, भुऱ्या केसांची, काहींच्या अंगाला तो वास, काहींना फिट्स. त्यांचा मेंदू मागं आणता येत नाही. तरीही इंग्लंडमध्ये अशा उशिरा निदान झालेल्या प्रौढांना पथ्य देऊन पाहिलं गेलं. मोजमापांतून ठोस फरक सिद्ध झाला नाही, पण सांभाळणाऱ्यांच्या नोंदींत वेगळं होतं: आता आजूबाजूला बघतो, एका जागी बसतो, स्वतःला कमी मारून घेतो. चाळीस वर्षं ज्याच्या नजरेला नजर मिळाली नाही, त्याला आंघोळ घालणाऱ्या माणसासाठी ही सुधारणा लहान नाही. त्यासाठी आधी रक्ताचा एक ठिपका टिपकागदावर घ्यावा लागतो. तो कुठल्याही वयात घेता येतो, वाळवून पाकिटातून पाठवता येतो, आणि महाराष्ट्रातल्या प्रौढ मतिमंदांच्या कुठल्याही निवासी संस्थेत दाखल करून घेताना भरायच्या अर्जात त्यासाठी एक ओळ पुरेल.